पत्रकाची मागची बाजू

आमच्या घरी पाठकोरा कागद टाकून देणं हा गुन्हा आहे. जुन्या प्रश्नपत्रिका, बँकेची पत्रं, सोसायटीच्या नोटिसा, एका बाजूनं कोरं असलेलं सगळं बाबा प्रिंटरशेजारच्या खोक्यात जमा करतात आणि त्यावर आमची पत्रकं निघतात. बाबा निवृत्त शिक्षक. मी वाचायला शिकले ती या पत्रकांवरच. 'बदक' वाचता येण्याआधी मला 'जाहीर निषेध' वाचता येत होतं. त्याचा मला आजही अभिमान आहे. फक्त ती एक सोमवारची सकाळ सोडून.

त्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत महापालिकेत हरकती द्यायच्या होत्या. धायरीत पाण्याच्या टाकीसाठी राखून ठेवलेली एक जागा आहे. तिचं आरक्षण उठवून तिथं दुकानांचे गाळे काढायचं घाटत होतं. गाळे झाले की टाकी गेली, आणि लोक कायमचे टँकरच्या भरवशावर. दोनशे लोक सही करायला तयार होते. अर्ज तेवढे छापायचे होते.

सकाळी साडेदहाला बिबवेवाडीच्या आमच्या घरात पहिला अर्ज मशीनमधून बाहेर आला. छान दिसत होता. बाबांनी तो उचलला आणि 'माननीय आयुक्त' त्यांच्या अंगठ्याला लागले.

"ओला आहे गं," म्हणून बाबांनी कागदावर फुंकर मारली. आयुक्त उडाले. खालचा अर्धा परिच्छेदही उडाला, आणि बाबांचं नाक काळं झालं.

लेझर प्रिंटरमध्ये काही ओलं नसतं. टोनरची पूड कागदावर पडते आणि फ्यूजर नावाचा भाग ती तापवून पक्की करतो. आमचा फ्यूजर संपला होता. हे होणार असं मशीन विकणाऱ्या चाचांनी आधीच सांगितलं होतं. कॅम्पात त्यांचं जुनी मशीन दुरुस्त करून विकायचं दुकान आहे. त्यांनी नवा फ्यूजर सोबत दिला होता, आणि मशीनची निगा कशी राखायची नि शेवटी फ्यूजर कसा बदलायचा हे स्वतः मराठीत लिहून, आकृत्या काढून, तीन कागदांवर छापून दिलं होतं. "मशीन एक वेळ हरवलं तरी चालेल सर," ते म्हणाले होते, "हे कागद सांभाळा."

सोमवारी त्यांचं दुकान बंद, फोनही बंद.

"बाबा, ते कागद कुठायत?"

बाबा खोक्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "एका बाजूनं कोरे होते."

गेल्या महिन्यातल्या 'पाणी कुणाच्या मालकीचं?' या आमच्या पत्रकाच्या मागच्या बाजूला चाचांची अक्कल छापलेली होती, आणि ती आम्ही धायरीत घरोघर वाटून टाकली होती.

मी धायरीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर निरोप टाकला: आमचं गेल्या महिन्याचं पत्रक कुणी जपून ठेवलं असल्यास तातडीनं कळवा. उत्तरं भराभर आली. एकानं त्यात भजी खाल्ली होती. एका ताईंनी ते डब्याखाली घातलं होतं. एकानं विचारलं, "तुम्ही पत्रक काढता?" गल्लीगल्लीत जागृती झाली आहे असं मी तोवर धरून चालले होते.

मग फोन वाजला. धायरीतले एक काका, जुने शेतकरी.

"माझ्यापाशी हाय एक. तीन नंबरचा कागद. मागं यंत्राचं चित्र हाय."

"काका, फोटो पाठवता?"

"ते आपल्याला जमत न्हाय. वाचून दावतो. लिव्हून घ्या." मी फोन स्पीकरवर टाकला. "पयलं: मशीन बंद करा आन् पिन काढा. काढली?"

"काढली," मी म्हणाले. खरं तर मी नुसतं मागचं झाकण उघडलं होतं. हुकूम सोडणाऱ्या कागदांशी माझं पटत नाही. आमच्या घरी हुकूम छापले जातात, पाळले जात नाहीत.

"काढली, तर मग ते गुरगुरतंय काय?"

आतला पंखा चालू होता. मी मुकाट्यानं पिन काढली.

"दुसरं: फ्यूजर लई तापल्याला असतो. अर्धा तास हात लावायचा न्हाय."

"काका, एवढा वेळ नाहीये! पाचला मुदत संपते."

"मग घाला हात. सही अंगठ्यानं बी करता येणार न्हाय पण."

बाबा हसले. मी बसले. अर्धा तास गप्प बसणं हे आमच्या घराण्यात आजवर कुणी केलेलं नाही.

"आता बसलाच हाय, तर ही पुढची बाजू बी वाचतो," काका म्हणाले. त्यांनी आमचं पत्रक पहिल्या शब्दापासून वाचलं. माझी तीन उद्गारचिन्हांची वाक्यं ते इतक्या सपाट आवाजात वाचत होते की कुणीतरी किराण्याची यादी सांगतंय असं वाटावं. एका ठिकाणी ते थांबले. "इथं तुमी गट नंबर चुकीचा टाकलाय. म्हणून तर ठेवलाय हा कागद. लाल गोल केलाय."

बाबा ताठ झाले. "मी स्वतः तपासलाय."

"गुरुजी, जमीन आमची होती. टाकी व्हईल म्हणून माझ्या वडलांनी दिली. माझ्या जमिनीचा नंबर मला ठावं असंल का न्हाय?"

मी अर्ज उचलून पाहिला. त्यातही तोच नंबर होता. पत्रकावरूनच उतरवला होता. फ्यूजर धड असता तर साडेदहालाच दोनशे अर्ज भलत्याच जमिनीवर हरकत घेत निघाले असते.

"काका, मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"फोन केला हुता. गुरुजींनी पाऊण तास मलाच पाण्याचा प्रश्न समजावला."

बाबा फडकं शोधायला आत गेले.

पुढचं काम दहा मिनिटांचं निघालं. दोन्ही बाजूंचे हिरवे खटके दाबून जुना फ्यूजर सरळ ओढला. नव्याच्या नारिंगी पट्ट्या काढल्या, रुळाला हात न लावता तो आत सरकवला, खट् वाजलं. सांडलेली पूड फुंकू नका, कोरड्या फडक्यानं पुसा, हेही काकांनी वाचलं. "गुरुजींना सांगा," असं त्यात त्यांनी स्वतःचं घातलं. मी नंबर दुरुस्त केला आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून दोन्ही बाजूंनी कोऱ्या कागदाचा गठ्ठा आणला. बाबांनी मान फिरवली, पण अडवलं नाही.

धायरीत सह्या घेऊन आम्ही पावणेपाचला महापालिकेच्या खिडकीशी पोचलो. काका स्कूटरवर माझ्या मागे बसून आले होते. पहिला अर्ज त्यांचा. खिडकीतल्या बाईंनी तो उलटून पाहिला.

"मागे कोरं? सरांची तब्येत बरी आहे ना?"

शिक्के पडले. काकांनी पोच घडी करून खिशात ठेवली. खिशातून दुसरा कागद डोकावत होता, लाल गोलवाला. मी हात पुढे केला.

"काका, तो द्या ना. पुन्हा लागेल."

त्यांनी खिशाचं बटण लावलं.

"हा ऱ्हाऊ दे माझ्यापाशी. तुमच्याकडं ऱ्हायला की दोन्ही बाजू भरल्या असल्या तरी परत त्याच्यावर छापाल."