रक्त थांबलं होतं

हृदयाची ऑपरेशनं झालेले रुग्ण ज्या आयसीयूत ठेवतात, तिथल्या थोरल्या सिस्टरांना सगळे तोफ म्हणत. पाठीमागेच म्हणत, पण तोफेला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. छाती फाडून शिवलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी उठवून बसवायचं, खोकायला लावायचं, हे काम गोडीगुलाबीनं होत नाही. माणूस म्हणे, "सिस्टर, मरतोय मी." सिस्टर म्हणत, "मरणारी माणसं इतकी बडबड करत नाहीत. उठा." छातीशी उशी कवटाळायला लावून त्या रुग्णाला असं खोकवत, की शेजारच्या खाटेवरचा आपली पाळी यायच्या आतच खोकायला लागे. घरी त्यांचा नवरा पडसं झालं तर गॅलरीत जाऊन शिंके.

काचेच्या दाराबाहेर ताटकळणाऱ्या नातेवाइकांपुढे मात्र ही तोफ थंड होई. डॉक्टर सांगतात ते त्यांच्या डोक्यावरून जातं, हे सिस्टरांनी आयुष्यभर पाहिलं होतं. म्हणून त्या जाता-येता प्रत्येक घराला एकच गोष्ट सांगत, हातात घट्ट धरता येईल अशी. ताप उतरला. दोन घोट पाणी प्यायले. डोळे उघडून तुमचं नाव घेतलं. असं सांगायचं नसतं, तो डॉक्टरांचा मान, पण डॉक्टरही कानाडोळा करत.

त्या दिवशी दाराशी दोघं होती. आत बायपास झालेल्या माणसाची बायको आणि त्याचा धाकटा भाऊ. दोघा भावांचा लोखंडी दारं आणि शटर बसवण्याचा धंदा. धाकट्याच्या हाताला वेल्डिंगचे डाग, मान बैलासारखी. थोरल्यानंच त्याला वाढवलेलं. सकाळपासून त्याचा एकच प्रश्न होता. ऑपरेशननंतर छातीत साचणारं रक्त नळ्यांवाटे खाटेखालच्या बाटलीत येतं. ते त्यानं काचेतून पाहिलं होतं, आणि तेव्हापासून त्याचा जीव त्या बाटलीत अडकला होता. "सिस्टर, अजून येतंय का हो?"

दुपारी सिस्टर एका खाटेवरून दुसरीकडे धावत होत्या. जाता जाता त्यांची नजर बाटलीवर गेली. पातळी जागची हललेली नव्हती. दार किलकिलं करून त्या म्हणाल्या, "रक्त थांबलंय. चांगलं लक्षण आहे. जा, चहा घ्या."

धाकट्यानं दोन्ही हात जोडले. वहिनीला म्हणाला, "थांबलं! वहिनी, थांबलं!" आणि तो हमसून रडला.

आता नव्या पोरींना सिस्टर पहिल्याच दिवशी काय शिकवत? बाटली थांबली की आधी नळीवर संशय घ्यायचा, मग देवाचे आभार मानायचे. नळी बोटांनी पिळून पाहायची. रक्ताची गुठळी अडकली असेल, तर बाहेर यायचं ते रक्त आत साचतं आणि हृदयालाच आवळतं. सिस्टरांनी त्या दिवशी नळी पिळली नाही. वाक्य आधी दिलं आणि काम राहून गेलं.

थोड्याच वेळात थोरल्याचा रक्तदाब कोसळला. डॉक्टर धावत आले, मॉनिटर पाहिला, नळी पाहिली आणि म्हणाले, "थिएटरपर्यंत टिकणार नाही. इथेच उघडायचं." घाईत पडदा अर्धाच ओढला गेला.

काचेबाहेरून धाकट्याला काय दिसलं असेल? ज्या भावाचं रक्त थांबलंय असं आताच सांगितलं, त्याच भावाच्या छातीवर एक माणूस सुरी चालवतोय. शिवताना हाड बांधलेल्या तारा पकडीनं तोडतोय. हाडाच्या दोन फाका करून मनगटापर्यंत हात आत घालतोय आणि रक्त खाटेवरून फरशीवर सांडतंय.

त्यानं जी आरोळी ठोकली ती मजल्यावर सगळीकडे ऐकू गेली. "मारला! माझ्या भावाला मारला ह्यांनी!"

सिस्टर दाराकडे धावल्या, कडी लावली आणि अंग लावून उभ्या राहिल्या. "आत येऊ नका! वाचवतायत ते!" वाचवणं असं दिसतं, हे कोणाला पटणार? त्यानं लाथा घातल्या. वहिनी त्याच्या शर्टाला लोंबकळली, तर त्यानं तिला अशी ढकलली की ती बाकावर आपटून खाली पडली. मग त्यानं भिंतीवरचं आग विझवायचं लाल नळकांडं उपसलं. दुसऱ्यानं काच फोडली असती. हा दारं बसवणारा, दार कुठे कच्चं असतं हे त्याला बरोबर माहीत. त्यानं बिजागरीवर घाव घातले. तिसऱ्या की चौथ्या घावाला वरची बिजागरी उचकटली, दार तिरकं झालं, आणि चौकटीला धरलेला सिस्टरांचा उजवा हात मधे चेंगरला. हाडं मोडल्याचा आवाज त्यांनी स्वतः ऐकला.

त्यांना ओलांडून तो आत घुसला. डॉक्टरांच्या मानेवर ठोसा, हत्यारांचा ट्रे उडाला, एक वॉर्डबॉय तोंडावर पडला. आणि धाकट्यानं, लोखंडाच्या धुळीनं काळ्या झालेल्या उघड्या हातांनी, भावाची फाकलेली छाती दोन्ही बाजूंनी धरून मिटवायला सुरुवात केली. "बंद करा! बंद करा रे!" चौघांनी त्याला ओढून काढलं. डॉक्टरांनी फुटल्या ओठानं हातमोजे बदलले आणि उरलेल्या गुठळ्या बाहेर काढल्या. हृदय पुन्हा नीट चालू लागलं.

थोरला त्या दिवशी वाचला. सगळे म्हणाले, तक्रार करा, ह्याला आत टाका. प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून सिस्टर म्हणाल्या, "जाऊ द्या. भावाच्या मायेपोटी केलं त्यानं." केवढं मोठं मन, असं जो तो म्हणायला लागला. मोठं मन कसलं! चौकशी झाली असती तर नळीचा विषय निघाला असता. सिस्टरांनी लोकांना तसंच समजू दिलं, आणि रात्रंदिवस आतून जळत राहिल्या. कधी वाटे, त्या बैलाचे हात मुळापासून तोडावेत. कधी वाटे, आपली जीभ.

पुढच्या आठवड्यात जखमेतून पू आला. छातीचं मधलं हाड सडायला लागलं. ते तुकड्यातुकड्यानं काढावं लागलं. शेवटी मधे हाड उरलंच नाही, वर नुसती जाड पट्टी. ताप उतरेना. एका सकाळी थोरला गेला.

सिस्टर प्लास्टरसकट आल्या. धाकटा भिंतीला टेकून उभा होता. त्यानं मान वर न करताच विचारलं, "सिस्टर, खरं सांगा. माझ्या हातांमुळे गेला का?"

किती दिवस ह्याच प्रश्नाची वाट पाहिली होती त्यांनी! "हो" म्हणून त्याला उभा जाळायचा, असं ठरवलंही होतं.

"नक्की कोणीच सांगू शकणार नाही," त्या म्हणाल्या. "छाती दोनदा उघडली की असं होऊ शकतं. तुझे हात आत गेले त्यानं धोका वाढला. पण छाती अशी घाईनं उघडावी लागली, ती माझ्यामुळे. नळी तुंबली होती. मी पाहिलीच नाही, आणि तुला म्हणाले रक्त थांबलंय."

धाकट्याची मूठ वर गेली. सिस्टर हलल्या नाहीत. हाण एकदाची, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं.

"बास!" वहिनी बाकावरून उठली. तिनं सगळं ऐकलं होतं. "कोणाचं किती चुकलं ते तुमचं तुम्ही वाटून घ्या. मला आधी ह्यांना बघू द्या."

ती आत गेली. मागोमाग ही दोघं. चादर गळ्यापर्यंत ओढलेली होती, आणि चेहरा झोपल्यासारखा शांत. घरी रोज डोकं टेकवत असेल तशी ती वाकली.

"ताई, छातीवर नको!" सिस्टर ओरडल्या.

उशीर झाला होता. तिनं डोकं टेकवलं आणि छाती तिच्या गालाखाली आत गेली.

ती सावकाश उठली. आधी दिराकडे पाहिलं, मग सिस्टरांकडे. हात मात्र उगारला नाही. चार तडाखे दिले असते तरी सिस्टरांनी आनंदानं सोसले असते.