काठी सोडून उघडलेलं दार

मिलिंददादांचा फोन आला तेव्हा मी ओपीडीत एका आजोबांचा गुडघा वाकवत होतो. "आई गेली. झोपेतच," एवढंच ते म्हणाले. मी "हो" म्हणालो आणि पुन्हा गुडघा वाकवू लागलो... त्याला आता महिना होत आला.

त्यांची आई सुधाकाकू म्हणजे सदाशिव पेठेत एकट्या राहणाऱ्या निवृत्त शिक्षिका. अर्धांगवायूने त्यांची उजवी बाजू गेली, आणि आमच्या फिजिओथेरपी कॉलेजच्या मॅडमनी घरी जाऊन व्यायाम घेण्यासाठी मला पाठवलं. पहिल्याच दिवशी मी घाबरून दोनदा बेल दाबली. शेजारणीने दार उघडलं, तर आतून आवाज आला, "अहो डॉक्टर, मला अर्धांगवायू झालाय, बहिरी नाही झाले!" तोवर मला कुणी डॉक्टर म्हटलं नव्हतं. आमचं गाव आता पुण्याच्या हद्दीत आलंय, पण भावकीत अजून विचारतात, "मालिश शिकायला कालिज कशाला लागतंय?" घरातून कॉलेजला गेलेला मी पहिलाच. त्या वर्षी माझा एक विषय राहिला होता. वर्गात उत्तर येत असूनही तोंड उघडत नव्हतं. माझे वडील, अण्णा, फोनवर म्हणाले होते, "जमत नसंल तर ये माघारी. हितं काम हाय." सत्र संपलं की परत जायचं, असं मी ठरवूनही टाकलं होतं.

काकूंचंही जाणं ठरत आलं होतं. माझ्यासमोरच मिलिंददादा म्हणाले, "आई, कुणी आलं तर तुला दारसुद्धा उघडता येत नाही. कर्वेनगरला चल माझ्याकडे." काकूंनी विचारलं, "आणि उघडलं तर?" "तर राहा इथेच." दिवाळीनंतरचा रविवार ठरला. पण त्या दाराला वरच्या बाजूला जुनी लोखंडी कडी होती. उजवा हात उचलला जात नव्हता, डाव्या हातात काठी. कडी काढायची तर काठी सोडायला हवी, आणि ती सोडली की अर्धा भार त्या उजव्या पायावर... त्यांचा त्या पायावर भरवसा नव्हता. खरं सांगायचं तर माझाही नव्हता.

रोज स्वयंपाकाच्या ओट्याशी उभं राहून आम्ही तेवढंच करत राहिलो. भार उजवीकडे घ्यायचा, ओट्यावरचा हात उचलायचा. "असे रडवेले होऊ नका हो, पडणार आहे ती मी," काकू म्हणायच्या. एके दिवशी हात उचलला आणि गुडघा डगमगला नाही. जे मी नुसतं पाठ करून विसरत होतो, ते त्या गुडघ्यात मला दिसलं. त्या दिवशी खोलीवर येऊन मी आपणहून पुस्तक उघडलं.

रविवारी बेल वाजली. काकू खुर्चीतून उठल्या, दारापर्यंत गेल्या, काठी भिंतीला टेकवली. मी अगदी मागे उभा होतो. उजवा पाय थरथरू लागला. बाहेरून हाका सुरू झाल्या, "आई? काय झालं? आई!" नकळत माझा हात पुढे गेला.

"हात मागे," त्या पुटपुटल्या.

कडी गंजलेली. ती हलेना. त्यांनी श्वास घेतला, पुन्हा जोर लावला... आणि कडी खाली आली. दारात उभ्या असलेल्या मुलाला त्या म्हणाल्या, "एवढी घाई होती तर कालच यायचंस."

दादांनी आईची काठी उचलून तिच्या हातात दिली. जिन्यातूनच मी घरी फोन लावला. "अण्णा, मी येत नाही." ते म्हणाले, "बरं हाय."

त्यानंतर माझ्यासाठी दार काकूच उघडायच्या. मी बेल एकदाच वाजवायचो आणि कान देऊन उभा राहायचो. खुर्ची सरकायची, काठी टकटकत जवळ यायची आणि मग दाराशी सगळं शांत व्हायचं. काठी सुटली, हे मला कळायचं आणि मी कडीच्या आवाजाची वाट बघायचो.

गेल्या आठवड्यात दादांना भेटायला काकूंच्या घरी गेलो. सवयीने बेल एकदाच वाजवली आणि नेहमीसारखा थांबलो.

दार लगेच उघडलं.