बैल खलास

मी गुरांचा डॉक्टर. रास अल खैमाला एका अरब कुटुंबाच्या फार्मवर मांसासाठी पाळलेले बैल बघतो. तिथली पाण्याची टाकी धुवा, हे सांगून माझी जीभ झिजली होती. एकदा तापाने फणफणलेल्या बैलाला इंजेक्शन देऊन आलो, तर दुसऱ्या दिवशी मालकाचा फोन आला, "डॉक्टर, बैल खलास." एवढं बोलून त्याने फोन ठेवला. आमच्या रत्नागिरीत खलास म्हणजे मेला. डिस्कव्हरी गार्डन्समधल्या माझ्या घरापासून फार्मपर्यंत गाडीत मी सगळं खापर त्या घाणेरड्या टाकीवर फोडून ठेवलं.

पोचलो तर बैल निवांत रवंथ करत होता. मालक म्हणाला, "बुखार खलास, हबीबी. कल टाकी भी साफ किया."

मी बैलाच्या पाठीवर थाप मारली. म्हटलं, "देखा, मेरा इंजेक्शन."