सगळ्या किल्ल्या माझ्याकडे

सोलापुरात कॉम्प्युटर यायच्या आधी त्याची शिस्त आमच्या घरात आली, आणि ती मी आणली.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. पुण्यात कॉम्प्युटरचा अभ्यासक्रम करून मी नुकताच परतलो होतो (येताना पुण्याची भाषाही घेऊन आलो होतो!). तिथे एकाच यंत्रावर अनेकजण काम करत. पण ज्याला जेवढी परवानगी, तेवढंच त्याच्यासाठी उघडं. सगळं खुलं फक्त ऑपरेटरला! आणि आमच्या घरात? शेजारची मांजरसुद्धा थेट दुधापर्यंत जायची. मी लगेच कोठी, कपाट, ट्रंका, सगळ्याला कुलपं लावली. किल्ल्या ऑपरेटरकडे, म्हणजे अर्थात माझ्याकडे!

"आरं, चा प्यायला तुझी परवानगी लागती व्हय?" आप्पा, म्हणजे माझे वडील, कडाडले.

"चहाला नाही, साखरेला लागते. ती कोठीत आहे."

नियम साधा होता: उघडं कुलूप दिसलं की दाबून लावायचं. आप्पांनी तो एकदाही पाळला नाही.

पाळला तो नेमका मी मुंबईला मुलाखतीला निघालो त्या दिवशी! टांगा दारात उभा. ही नोकरी हुकली तर जन्मभर मामांच्या दुकानात चादरींचे गठ्ठे बांधायचे होते. वाटेत खायला शेंगाचटणी घ्यावी म्हणून मी कोठीत शिरलो, आणि मागून दार लोटलं गेलं. कट्ट!

"आप्पा, उघडा!"

"कोण हाय आत?"

"मी!"

"परवानगी घेतली व्हतीस का?"

"परवानगी मीच देतो!"

"मग दे की!"

"अहो, किल्ल्या माझ्या खिशात आहेत!"

"मग काळजी कशाची? लई सुरक्षित हायेत."

कोठीला खिडकी नव्हती. दाराखाली फटही नव्हती (उंदरांसाठी मीच पत्रा ठोकला होता!). बाहेर टांगेवाला हाका मारून दमला. मी रडकुंडीला आलो. तेवढ्यात आईचा आवाज आला, "आदुगर सांग, कुलपं काढणार का न्हाय?"

"काढतो! सगळी काढतो!"

"सगळी नगं. भायेरच्या दाराचं ऱ्हाऊ दे. चोर काय आपल्या घरातले हायेत व्हय?"

आणि दार उघडलं! कुलपं बाजारातून आईनंच आणली होती. प्रत्येक कुलपाला दोन किल्ल्या असतात, हे माझ्या अभ्यासक्रमात नव्हतं.

गाडी फलाटावर उभी दिसली तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. डब्यात बसल्यावर मी एकटाच खुळ्यासारखा हसत होतो.

मुलाखतीत साहेबांनी विचारलं, "समजा, ऑपरेटरच अडकला तर?"

मी घडलेलं सगळं सांगून टाकलं. साहेब पोट धरधरून हसले. म्हणाले, "इतका अनुभव इथं कुणालाच नाही!"

नोकरी त्यांनी मला दिली. कॉम्प्युटरच्या खोलीची किल्ली मात्र शिपायाला दिली!