अर्धाइंचाची मोटरसायकल

आमच्या घराच्या खाली एका सुताराचं दुकान आहे. त्याला खरं नाव आहे, पण ते फक्त विजेच्या बिलावर छापून येतं. गल्ली त्याला अर्धाइंच म्हणते. दार अडकतंय, टेबल डुगडुगतंय, खिडकी लागत नाही, कसलीही तक्रार घेऊन जा, तो एक डोळा मिटून बघतो, कानावरची पेन्सिल काढतो आणि म्हणतो, "अर्धा इंच काढला की झालं." माझ्या लिहायच्या टेबलाचे पाय त्याने तीनदा कापले. आता ते मुळीच डुगडुगत नाही. फक्त त्याच्यासमोर खुर्ची चालत नाही, मी मुलांच्या स्टुलावर बसून लिहिते. आमचे हे म्हणायचे, "चौथ्यांदा बोलावू नकोस, नाहीतर त्या टेबलाची फळी होईल."

अर्धाइंच स्वतः माझ्या खांद्याला लागतो, आणि मी काही उंच बाई नाही. त्याची बायको मात्र त्याच्याहून वीतभर उंच. नदीपलीकडच्या प्रसूतिगृहात ती नर्स आहे, म्हणून सगळे तिला सिस्टर म्हणतात. चारचौघांत तोही तेच म्हणतो आणि मग लाजतो.

गेल्या वर्षी तीन फेब्रुवारीला पुलावरून जाणारी सकाळची बस बंद झाली. सिस्टरची पाळी सातची. दोन आठवडे ती कुणाकुणाच्या गाडीवर बसून कशीबशी पोचली, पाच वेळा उशीर झाला. शेवटी मेट्रनने सांगितलं, एक मार्चपासून वेळेवर येणं जमत नसेल तर सोमवार ते शनिवार नर्सेसच्या हॉस्टेलवर राहायला या. सिस्टरने मुकाट्याने माळ्यावरची ट्रंक खाली काढली.

ती ट्रंक बघून अर्धाइंचाचं धाबं दणाणलं. स्वयंपाक त्यालाच येतो, कपडे तोच धुतो, तेव्हा सोयीचा प्रश्न नव्हता. तो मला जिन्यात म्हणाला, "काकू, ती गेली तर मी रात्री घोरतो हे मला सांगणार कोण?" त्याच आठवड्यात त्याने मेव्हण्याची जुनी मोटरसायकल आणली. लायसनच्या परीक्षेची तारीख मिळाली सव्वीस. सिस्टरच गाडी का शिकत नाही, असं मी त्याला विचारलं, तर उत्तर तिनेच दिलं. दिवसभर ती बाळंतिणींना धरून उभी असते. निदान जाता-येता तरी कुणीतरी तिला न्यावं.

मेव्हणा ताडमाड उंच. अर्धाइंच त्या गाडीवर बसला तेव्हा त्याचे दोन्ही पाय हवेत, झोपाळ्यावर बसलेल्या मुलासारखे. तो खाली उतरला, एक डोळा मिटून गाडीकडे बघितलं, आणि पुढे काय होणार ते गल्लीला कळून चुकलं.

कोपऱ्यावरचा मेकॅनिक दिवसाला दहा शब्द बोलतो, म्हणून त्याला मुनी म्हणतात. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना जे स्प्रिंगचे शॉकअप असतात, ते दोन इंच आखूड बसव, असं अर्धाइंचाने त्याला सांगितलं. मुनी म्हणाला, "वळायची नाही." तेवढ्यात त्याचा त्या दिवसाचा कोटा संपला असावा, कारण पुढे त्याने निमूटपणे आखूड जोडी बसवली.

पाय टेकले. अर्धाइंचाने पेढे वाटले नाहीत एवढंच.

दुसऱ्या दिवशी त्याने गाडी बाजूच्या स्टँडवर लावली. गाडी खाली आली होती, स्टँड होता तेवढाच लांब. त्यामुळे ती कलायच्या ऐवजी शिपायासारखी ताठ उभी राहिली. वाऱ्याची झुळूक आली आणि ती दुसऱ्या अंगाला, एका गिऱ्हाइकाच्या नव्या कपाटावर आडवी झाली. अर्धाइंचाने लोखंड कापायची करवत घेतली आणि स्टँडचा अर्धा इंच काढला. मग आणखी अर्धा. गाडी उभी राहू लागली.

संध्याकाळी माझ्या खोलीचं छत एकाएकी उजळलं. मागून बसलेल्या गाडीचा दिवा आता रस्ता सोडून पहिल्या मजल्याकडे बघत होता. समोरच्या निवृत्त हेडमास्तरांनी खिडकी उघडून विचारलं, कोण शोधतंय आम्हाला? अर्धाइंचाने दिव्यामागे लाकडी पाचर ठोकली. दिवा खाली आला, पण रस्त्यावर एक खड्डा लागला की पाचर निसटायची आणि पुन्हा हेडमास्तर.

हे सगळं चाललं असतं. चालेना ते वळण. परीक्षेत आठचा आकडा काढावा लागतो, एका आखलेल्या चौकोनात, पाय न टेकता. अर्धाइंचाने मागच्या अंगणात खडूने आठ काढला आणि गाडी त्यावर घातली. गाडी आठच्या पहिल्या पोटापर्यंत आली आणि सरळच गेली. कुंपण, गटार, लॉन्ड्रीवाल्याचं दार असा फेरफटका मारून तो परत आला. दुसऱ्यांदा लॉन्ड्रीवाल्याने त्याला इस्त्रीचे कपडेही देऊन टाकले. बावीस तारखेपर्यंत मी डायरीत अकरा वेळा "आठ झाला नाही" असं लिहिलं आहे. त्याच दिवशी सिस्टरने ट्रंकेत स्वेटर ठेवले.

संध्याकाळी अर्धाइंच मुनीला बोलावून आणायला स्वतः गेला. मी वरून गॅलरीतून बघत होते. मुनीने गाडीला हातही लावला नाही. त्याने दुकानातली एक खुर्ची घेतली, पुढच्या दोन पायांखाली विटा ठेवल्या आणि अर्धाइंचाला तीत बसवलं. तो मागे रेलला.

"उठा," मुनी म्हणाला.

अर्धाइंच हातपाय मारत, कण्हत कसाबसा उठला. मग मुनीने विटा काढून मागच्या पायांखाली ठेवल्या आणि पुन्हा बसवलं. या वेळी "उठा" म्हणायच्या आत तो पुढे सांडत होता.

"मागून बुटकी केली की पुढचं चाक धरणारे दांडे असे रेलतात. रेललेलं चाक सरळच जाणार, वळायला आळस करणार. मागून उंच असली की मान वळवायच्या आत वळते. फार उंच केली तर उगाच वळवळते. बनवणाऱ्याने मधलं माप बघूनच ठेवलंय." मुनीने श्वास घेतला. "ते टेबल नाही."

त्याच्या तोंडून एवढं बोलणं मी त्याआधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही.

"मग पायांचं काय करू?" अर्धाइंच काकुळतीला आला. "आठवड्यात ती जाईल हो."

अर्धाइंच खाली बसून त्या विटांकडे बघत राहिला. मग त्याने एक डोळा मिटला. या वेळी तो गाडीकडे नाही, जमिनीकडे बघत होता.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, असं सगळे सांगतात. अर्धाइंचाने आयुष्यभर अंथरूणच कापलं होतं. त्या संध्याकाळी त्याने पहिल्यांदा काही कमी केलं नाही. मुनीने जुने शॉकअप परत बसवले, आणि अर्धाइंचाने सागवानी ठोकळा केला, दोन इंच उंच, वर रबर लावलेला. करवतलेला स्टँड आता आखूड पडून गाडी झोकांड्या खाल्ल्यासारखी कलत होती, म्हणून त्याखाली ठेवायला दुसरा, लहान ठोकळा.

सव्वीस तारखेला मी आणि सिस्टर मोठा ठोकळा मांडीवर घेऊन टॅक्सीने मैदानावर गेलो. गाडी मुनीने पोचवली. अर्धाइंचाच्या आधी पाच जण नापास झाले, सगळे लांब पायांचे. वळणावर गाडी जरा कलली की त्यांचा पाय आपोआप खाली जायचा.

"हे काय?" ठोकळा बघून परीक्षक साहेबांनी विचारलं.

"पायरी आहे, साहेब."

साहेबांनी नियमांचं पुस्तक चाळलं. ठोकळ्याबद्दल त्यात चांगलं-वाईट काहीच नव्हतं.

अर्धाइंच ठोकळ्यावर डावा पाय टेकून निघाला. गाडीने मान वळवली आणि वळली. एका ठिकाणी ती चांगलीच कलली, सिस्टरने माझा दंड आवळला. पण पाय टेकावा असं त्याच्या मनात आलं तरी टेकणार कशाला? जमीन होती दोन इंच खाली. आठ पुरा झाला. मग तो सरळ येऊन थांबला, आणि त्याचा डावा पाय ठोकळ्याच्या बरोब्बर मध्यावर पडला. शेवटी मापाचा माणूस.

साहेबांनी सही केली. मग आवाज खाली आणून सांगितलं, त्यांच्या ऑफिसातलं टेबल जरा डुगडुगतं. अर्धाइंच काय म्हणाला ते लिहायला नको.

ट्रंक माळ्यावर परत गेली. आता असे तीन ठोकळे आहेत: दुकानाशी एक, प्रसूतिगृहाच्या फाटकाशी एक, आणि एकट्याने परत येताना वाटेतल्या चौकात एक, फुटपाथच्या कडेला साखळीने बांधलेला. जाताना त्याला एकही लागत नाही. रोज सहा पस्तीसला मी गॅलरीत असते. गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबते, त्याचे पाय हवेतच असतात, आणि मागून दोन पांढरे बूट दोन बाजूंना शांतपणे जमिनीवर येतात.

मी एकदा सिस्टरला विचारलं, दर चौकात असे पाय टेकून दमत नाहीस का?

ती म्हणाली, "काकू, ह्यांचे पाय जमिनीवर मी तीस वर्षं ठेवतेय. आता लोकांना दिसतं, एवढंच."