आत्याचा वानोळा आणि माझी नवी क्रॉसओव्हर

खरं सांगू? नवी गाडी मिरवायची होती, पोहरादेवीचं दर्शन हे निमित्त. जुनी सेडान विकून क्रॉसओव्हर, म्हणजे सेडानहून उंच पण एसयूव्हीहून आटोपशीर गाडी घेतली आणि बायकोला, सुषमाला, घेऊन नागपूरहून निघालो.

समृद्धी महामार्गावर कारंज्यापर्यंत गाडी सुसाट. आडव्या वाऱ्यात सेडान जास्त घट्ट चालायची, पेट्रोलही कमी प्यायची, हे मान्य. कारंज्याला आलुबोंडे हाणले आणि इंझोरीचा रस्ता धरला. तिथे माझी आत्या राहते. तिच्या गल्लीतल्या नालीवर सेडानचं पोट दरवेळी घासायचं, ही अलगद पार झाली. मोठी एसयूव्ही तर त्या गल्लीत वळलीच नसती.

आत्याचे गुडघे धरलेले. पण सीट उंच, त्यामुळे न वाकता बसली. "बाप्पा! खाटेवर बसल्यावानी वाटून राह्यलं," म्हणाली. मग काय, मी हरभऱ्याच्या झाडावर! मागची सीट पाडून दाखवली. "आत्या, दोन पोती सहज मावतात!"

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन मानोऱ्यावरून पोहरादेवीला गेलो. सणाची गर्दी नव्हती, दर्शन निवांत झालं. जायचं तर असेच दिवस निवडा.

परत इंझोरीला येऊन निघायची वेळ झाली, तर ओट्यावर पोतं तयार. आत्यानं घरी भरडलेली तुरीची डाळ. आमच्या वऱ्हाडात पाहुण्याला वानोळा दिल्याशिवाय जाऊ देत नाहीत. पोत्याच्या शिवणीतून डाळीची चुरी गळत होती. मला माझ्या फिक्या रंगाच्या सीटा दिसल्या.

"जागा नाही गं आत्या, बॅगा आहेत," मी म्हणालो.

तिनं उघड्या डिकीकडे पाहिलं. दोनच बॅगा होत्या. "काहून रे? पयल्या गाडीत तं मावे."

मी उगाच टायर तपासत बसलो. पोतं ओट्यावरच राहिलं आणि आम्ही निघालो. एवढी लाज मला कधी वाटली नव्हती, तरी गाडी मागे वळवली नाही.

त्याच आठवड्यात आत्याचा मुलगा एसटीनं नागपूरला आला, तेच पोतं खांद्यावर घेऊन. आता क्रॉसओव्हर घ्यावी का, असं कोणी विचारलं तर 'घ्या' म्हणतो, पण डिकीचा विषय निघाला की मान खाली जाते.

पोतं आलं त्या रात्री माफी मागायला आत्याला फोन लावला. माझ्या आधी आत्याच बोलली.

"बाबू, आता दुसरं पोतं धुतल्या चादरीत शिवून ठेवलं. सांडत नाई काई. पुढल्या खेपेले नेशीन ना गाडीत?"