धुतलेला रुमाल

नारपोलीच्या मैदानावर मुलींची बास्केटबॉलची मॅच होती. माझी मुलगी आणि माझ्या शेजारी बसलेल्या गृहस्थांची मुलगी एकाच संघात होत्या. ते कापड विणायच्या लूमवरची शिफ्ट संपवून थेट आले होते, केसांत कापसाचे तंतू तसेच. पहिल्या मिनिटापासून ते ओरडत होते, "पास दे, अगं पास दे!" शेवटी कोच जवळ येऊन म्हणाले, "पुन्हा आवाज आला, तर तुमच्या मुलीला बाहेर बसवीन."

ते माझ्याकडे वळले. "लूमवर ओरडल्याशिवाय कोणाला ऐकू जात न्हाय, भाऊ. इथं सगळ्यांना जातं, तेच विसरलो."

मग कामावर नाकातोंडावर बांधायचा रुमाल त्यांनी खिशातून काढला आणि तोंडावर घट्ट बांधला. समोरच्या संघाने बास्केट केली तेव्हाही त्यांनी टाळ्या वाजवल्या, पण रुमाल सोडला नाही.

शेवटच्या मिनिटाला माझ्या मुलीला धक्का बसला आणि पंचांनी शिटी वाजवली नाही. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी, पण पंचांवर ओरडायला ताडकन उठलो. त्यांनी खिशातून दुसरा रुमाल पुढे केला.

"घ्या. धुतलेला हाय."

रुमाल घेऊन मी खाली बसलो. तो परत करायचा राहिला. अजून प्रत्येक मॅचला माझ्या खिशात असतो.